‘दुर्बल’ आम्लाची बाटली आणि मागच्या बाकावरचा प्रश्न

पत्र:

सप्रेम नमस्कार. मी गेल्या वर्षापासून उच्च माध्यमिक वर्गांना रसायनशास्त्र शिकवते. हायड्रोजन बंधाच्या तासाला मी सांगितलं, की सर्वांत प्रबळ हायड्रोजन बंध हायड्रोजन फ्लोराइडमध्ये असतात, कारण फ्लोरिनची विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची ताकद, सर्वाधिक. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “मग पाणी १०० अंशांना उकळतं आणि हे १९.५ लाच कसं?” मी म्हटलं, अपवाद आहे, लक्षात ठेव. पुढे आम्लांच्या धड्यात मी हायड्रोफ्लोरिक आम्ल, म्हणजे हायड्रोजन फ्लोराइडचं पाण्यातलं द्रावण, दुर्बल आम्लांच्या यादीत लिहिलं. तिनं पुन्हा हात वर केला, “दुर्बल आहे तर काच कशी खातं?” मी पुन्हा म्हटलं, तोही अपवाद. त्यानंतर तिनं एकदाही हात वर केलेला नाही, आणि ते मला लागून राहिलंय. प्रयोगशाळेच्या कपाटात या आम्लाची एक जुनी बाटली आहे. ते पातळ करून काचेवर अक्षरं कोरून दाखवली, तर तिची उत्सुकता परत येईल असं वाटतं. एक सहकारी म्हणाले, दुर्बल आम्ल आहे, हातमोजे घातले की झालं. करू का? आणि तिला काय सांगू?
— एक शिक्षिका

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आधी बाटलीचं बोलते, कारण त्याला उशीर चालणार नाही. ती उघडू नका. पातळ करून नको, हातमोजे घालून नको, एका थेंबापुरतीही नको.

हायड्रोक्लोरिक आम्ल हातावर सांडलं तर लगेच झोंबतं आणि माणूस नळाकडे धावतो. ते झोंबणंच त्याला वाचवतं. हायड्रोफ्लोरिक आम्ल पातळ असेल तर सुरुवातीला काही जाणवतच नाही. तुमचे सहकारी ज्या दुर्बलतेचा भरवसा देतात, तीच इथे जिवावर उठते. पाण्यात या आम्लाचे बहुतेक रेणू न फुटता अखंड राहतात. अखंड रेणूवर विद्युतभार नसतो, आणि भार नसलेला एवढासा रेणू कातडीतून सहज आत झिरपतो. आत गेल्यावर तो फुटतो आणि मोकळा झालेला फ्लोराइड आयन पेशींमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडत सुटतो. द्रावण २० टक्क्यांहून पातळ असेल तर वेदना सुरू व्हायला चोवीस तासही लागू शकतात, आणि तोवर इजा पार हाडापर्यंत गेलेली असते. जास्त अंगावर गेलं तर रक्तातलं कॅल्शियम इतकं घसरतं, की हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावतो.

माझ्या उमेदीच्या काळातली एक गोष्ट मी विसरू शकलेले नाही. एका सहकाऱ्याच्या हातमोज्याला बारीक छिद्र होतं आणि या आम्लाचा एक थेंब त्याच्या बोटापर्यंत पोचला. दुपारभर त्याला काहीच कळलं नाही. रात्री नखाखाली असह्य ठणका लागला तेव्हा तो दवाखान्यात गेला. दिवसभरात हाताखालून काय काय गेलं होतं हे त्याला आठवलं आणि त्यानं ते डॉक्टरांना सांगितलं, म्हणून बोट वाचलं. नेहमीचे पातळ लॅटेक्सचे हातमोजे या आम्लासाठी पुरेसे नाहीत, हे तुमच्या सहकाऱ्यांनाही सांगा.

कधी कुणाच्या अंगावर गेलंच, तर लगेच भरपूर वाहत्या पाण्यानं धुवायचं, भिजलेले कपडे उतरवायचे, २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळत राहायचं, आणि दुखत नसलं तरी रुग्णालय गाठून आम्लाचं नाव स्पष्ट सांगायचं. डोळ्यात गेलं तर पाण्यानं धुवत राहायचं आणि तातडीनं डॉक्टर गाठायचे. ज्या जागी हे जेल नाही, त्या जागी हे आम्ल असू नये असं माझं ठाम मत आहे. तुमची बाटली गळत तर नाही ना, एवढं लांबूनच बघा. कपाटाला कुलूप लावा, विभागप्रमुखांना लेखी कळवा, आणि घातक रसायनांची विल्हेवाट लावणाऱ्यांच्याच ताब्यात ती द्या. बेसिनमध्ये ओतण्याचा विचारही नको.

आता त्या मुलीकडे वळू.

तिचे दोन्ही प्रश्न अगदी नेमके आहेत. मी इतकी वर्षं शिकवलं, पण या दोन धड्यांमधली गाठ इतक्या अचूक जागी पकडणारी मुलं फार थोडी भेटली. तुम्ही तिला ‘अपवाद’ हा शब्द दिलात. त्या शब्दाची अडचण अशी, की तो ऐकल्यावर मूल विचार करायचं थांबतं आणि पाठ करायला लागतं. उद्या वर्गात गेल्यावर आधी एवढंच सांगा, “तुझे दोन्ही प्रश्न बरोबर होते, माझं उत्तर चुकलं होतं.” हे तिला बाजूला घेऊन सांगू नका, सगळ्यांसमोर सांगा. ती गप्प झाली तीही सगळ्यांसमोरच.

मग फळ्यावर एकच वाक्य लिहा: फ्लोरिन हायड्रोजनला सोडत नाही. स्वतःच्या हायड्रोजनलाही नाही आणि शेजारच्या रेणूतल्या हायड्रोजनलाही नाही. या एका वाक्यातून दोन्ही उत्तरं निघतात.

सुरुवात आलेखानं करा. हायड्रोजन आयोडाइड उणे ३५ अंशांना उकळतं, ब्रोमाइड उणे ६७ ला, क्लोराइड उणे ८५ ला. रेणू लहान होत जातो, इलेक्ट्रॉन कमी होत जातात, रेणूंना एकमेकांकडे ओढणारी लंडन बलं क्षीण होतात आणि उत्कलनबिंदू खाली सरकतो. मुलांना हे तीन बिंदू मांडून रेघ पुढे न्यायला सांगा आणि फ्लोराइड कुठे असेल ते विचारा. सगळे उणे शंभरच्या आसपास किंवा त्याहूनही खाली बोट ठेवतील. मग खरा आकडा सांगा, अधिक १९.५. शंभराहून जास्त अंशांची ही उडी हायड्रोजन बंधाची आहे. फ्लोरिनची विद्युतऋणता ३.९८, हायड्रोजनची २.२०, दोघांमधले इलेक्ट्रॉन फ्लोरिनकडे इतके ओढले जातात, की हायड्रोजनचं केंद्रक जवळपास उघडं पडतं आणि शेजारच्या फ्लोरिनच्या एकाकी जोडीकडे, म्हणजे बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीकडे, खेचलं जातं. पाण्याशी तुलना करण्याआधी ही उडी मुलांच्या नजरेत भरली पाहिजे. नाहीतर हायड्रोजन फ्लोराइड ‘लवकर उकळणारं’ आहे असा गैरसमज होतो. त्याच्या भावंडांत ते सर्वांत उशिरा उकळतं.

पाण्याच्या तुलनेसाठी मुलांनाच उभं करा. प्रत्येक मूल म्हणजे हायड्रोजन फ्लोराइडचा एक रेणू. उजवा हात म्हणजे हायड्रोजन. डावा हात पाठीमागे बांधलेला, कारण दुसरा हायड्रोजन नाहीच. खांदे म्हणजे एकाकी जोड्या. आता ज्यानं त्यानं उजवा हात दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायचा. बघता बघता साखळ्या तयार होतील. खांदे कितीतरी रिकामे राहतील, कारण फ्लोरिनकडे एकाकी जोड्या तीन आहेत, पण हात एकच. शंभर मुलं असतील तर बंध फार तर शंभर. मग पाण्याचा खेळ घ्या. दोन्ही हात मोकळे, दोन्ही खांदे मोकळे, हायड्रोजन दोन आणि एकाकी जोड्याही दोनच. आता शंभर मुलांत दोनशे बंध होऊ शकतात, आणि साखळीऐवजी चहूबाजूंनी गुंतलेलं जाळं तयार होतं. हायड्रोजन फ्लोराइडची साखळी एकेका कडीत पाण्यापेक्षा घट्ट असली, तरी पाण्याच्या जाळ्यात कड्याच दुप्पट आहेत.

इथे तुमच्या पहिल्या विधानातही एक बारीक दुरुस्ती करायला हवी. दोनच रेणूंची सुटी जोडी घेतली, तर हायड्रोजन फ्लोराइडचा बंध आणि पाण्याचा बंध जवळपास सारख्याच ताकदीचे भरतात. साखळीत मात्र एक बंध जुळला की पुढचा आणखी घट्ट होतो, कारण प्रत्येक रेणू शेजाऱ्याचे इलेक्ट्रॉन थोडे अधिक सरकवतो. द्रवातला आणि घन अवस्थेतल्या वेड्यावाकड्या साखळ्यांतला बंध प्रबळ होतो तो असा, एकमेकांच्या आधारानं.

हा खेळ संपवायच्या आधी मुलांना एक गोष्ट करून दाखवायला सांगा, कारण या विषयातली मला सर्वांत आवडणारी बाब तीच आहे. सहा मुलांना गोल उभं करा. प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर, आणि सहाव्याचा पहिल्याच्या. कुणाचाही हात रिकामा नाही. आता हे कडं तसंच्या तसं वर्गाबाहेर चालत जाऊ दे. हायड्रोजन फ्लोराइड उकळतं तेव्हा नेमकं हेच होतं. रेणू सुटे सुटे होऊन वर जात नाहीत. बरेचसे टोळीनं जातात, आणि त्या टोळ्यांत सहा रेणूंचं कडं विशेष टिकाऊ असतं.

याचा पुरावा बाष्पीभवनाच्या उष्णतेत आहे. एक मोल पाण्याची वाफ करायला सुमारे ४०.७ किलोज्यूल लागतात. एक मोल हायड्रोजन क्लोराइडला, ज्यात हायड्रोजन बंध जवळजवळ नाहीतच, सुमारे १६. आणि हायड्रोजन फ्लोराइडला, त्याच्या उत्कलनबिंदूला, फक्त सुमारे साडेसात. नुसते आकडे पाहिले तर कुणालाही वाटेल, की याचे बंध सर्वांत कच्चे. पण ते फारसे तुटतच नाहीत, म्हणून खर्च कमी. वाफ आणखी तापवत गेलं, की टोळ्या हळूहळू फुटतात आणि ८०-९० अंशांच्या पुढे बहुतेक रेणू एकेकटे होतात. वाफेची घनता मोजूनच हे पहिल्यांदा लक्षात आलं, कारण रेणूभार २० असलेल्या वायूपेक्षा ती कितीतरी जड भरत होती. पाणी १०० ला आणि हे १९.५ ला का, याचं अर्धं उत्तर या कड्यात आहे. जो रेणू हातातला हात न सोडता बाहेर पडू शकतो, त्याला बाहेर पडायला फार ताप लागत नाही.

दुसरा प्रश्न: दुर्बल आम्ल काच कशी खातं?

‘दुर्बल’ या शब्दाचा रसायनशास्त्रातला अर्थ फार मर्यादित आहे. पाण्यात टाकल्यावर किती रेणू हायड्रोजन आयन सोडतात, एवढंच तो सांगतो. ०.१ मोलर हायड्रोफ्लोरिक आम्लात शंभरातले जेमतेम आठ रेणू फुटतात. हायड्रोक्लोरिकमध्ये जवळपास सगळेच. कारण तेच, फ्लोरिन हायड्रोजनला सोडत नाही. हायड्रोजन-फ्लोरिन बंध तोडायला मोलमागे सुमारे ५७० किलोज्यूल लागतात, हायड्रोजन-क्लोरिनला ४३१. शिवाय लहानसा फ्लोराइड आयन पाण्याच्या रेणूंना आपल्याभोवती इतकं शिस्तीत बांधून ठेवतो, की एंट्रॉपीचा, म्हणजे विस्कळीतपणाचा, हिशेबही रेणू फुटण्याच्या विरुद्ध जातो.

आम्ल संहत होत गेलं की चित्र पालटतं. न फुटलेला रेणू समोर आलेल्या फ्लोराइड आयनाला धरतो आणि बायफ्लोराइड आयन बनतो: दोन फ्लोरिन आणि त्यांच्या बरोब्बर मध्ये एक हायड्रोजन, दोन्हींपासून सारखाच दूर, १.१४ अँगस्ट्रॉमवर. सुट्या रेणूत हेच अंतर ०.९२ असतं. इथे ‘आपला’ आणि ‘शेजाऱ्याचा’ हा भेदच संपतो. हा सर्वांत प्रबळ हायड्रोजन बंधांपैकी एक. तो तोडायला मोलमागे १६० किलोज्यूलच्या आसपास लागतात, म्हणजे पाण्यातल्या साध्या हायड्रोजन बंधाच्या कित्येक पट. फ्लोराइड असा अडकून पडला, की समतोल पुढे सरकतो आणि आणखी हायड्रोजन आयन मोकळे होतात. पूर्ण शुद्ध द्रव हायड्रोजन फ्लोराइडपर्यंत गेलं, तर त्याची हॅमेट आम्लता (अतिप्रबळ आम्लांसाठीची pH सारखी मोजपट्टी, जितकी उणे तितकं आम्ल प्रबळ) उणे १५ च्या आसपास भरते. शुद्ध सल्फ्युरिक आम्लाची उणे १२. त्या द्रवात नायट्रिक आम्लसुद्धा आम्लारीसारखं वागतं आणि प्रोटॉन स्वीकारतं. पाण्यात दुर्बल ठरलेलं हे आम्ल स्वतःच्या घरात असं असतं. मुलांना हे नक्की सांगा, कारण दुर्बलता हा रेणूचा कायमचा गुण आहे ही समजूत फार खोल रुजलेली असते.

काच खाण्याचा मात्र या ताकदीशी फारसा संबंध नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही प्रबळ असलं, तरी काचेच्या बाटलीत वर्षानुवर्षं सुखानं राहतं. काचेच्या सांगाड्यात सिलिकॉन ऑक्सिजनला घट्ट धरून असतो. त्या बंधाची ऊर्जा सुमारे ४५० किलोज्यूल. तिथून सिलिकॉनला ओढून काढायचं, तर त्याच्याशी त्याहून घट्ट बंध करणारं कुणीतरी हवं. क्लोरिनला ते जमत नाही, सिलिकॉन-क्लोरिन बंध सुमारे ३८० चाच. सिलिकॉन-फ्लोरिन बंध ५६० च्या वर. हायड्रोजन फ्लोराइडचा रेणू दोन्ही टोकांनी काम करतो: हायड्रोजन ऑक्सिजनकडे जातो आणि फ्लोरिन सिलिकॉनकडे. सिलिकाच्या एका घटकाशी चार रेणू लागले, की सिलिकॉन टेट्राफ्लोराइड वायू आणि पाणी. आम्ल भरपूर असेल, तर सहा रेणू लागून हेक्झाफ्लोरोसिलिसिक आम्ल बनतं आणि काच विरघळत जाते. नुसता फ्लोराइड आयन हे काम करत नाही. अखंड रेणू आणि बायफ्लोराइड करतात. म्हणजे जे रेणू फुटले नाहीत म्हणून आपण आम्लाला दुर्बल म्हटलं, तेच रेणू काच पोखरतात. संगणकाच्या चिप बनवताना सिलिकॉनवरचा ऑक्साइडचा थर याच कारणानं पातळ हायड्रोफ्लोरिक आम्लानं धुऊन काढतात. थर जातो आणि खालचं सिलिकॉन जवळजवळ तसंच राहतं.

कॅल्शियमची गोष्टही याच तासात सांगा. कॅल्शियम क्लोराइड एका लिटर पाण्यात सातशे ग्रॅमहून जास्त विरघळतं. कॅल्शियम फ्लोराइड विरघळतं जेमतेम १६ मिलिग्रॅम. चांदीचं नेमकं उलट: सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप तळाशी बसतो, सिल्व्हर फ्लोराइड मजेत विरघळतं. हॅलाइडांची चाचणी शिकवताना मुलं इथे हमखास चुकतात. हायड्रोजन फ्लोराइड बनवतात ते फ्लोराइट या खनिजावर, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडवरच, संहत सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून आणि तापवून. ते शरीरात शिरलं की पेशींमधलं कॅल्शियम घेऊन पुन्हा तेच संयुग बनवायला लागतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल यासाठीच. फ्लोराइडला हवं असलेलं कॅल्शियम बाहेरूनच पुरवायचं, म्हणजे तो शरीरातलं घेणार नाही. काच कोरून दाखवण्याऐवजी एवढं समजावून सांगितलंत, तरी वर्ग स्तब्ध होऊन ऐकेल.

तास उरला तर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्री मोआसाँची हकिगत सांगा. फ्लोरिन मूलद्रव्य वेगळं करण्याच्या प्रयत्नांत अनेक रसायनशास्त्रज्ञांना विषबाधा झाली, काहींचा जीव गेला. जलीय द्रावणाचं विद्युत अपघटन केलं तर हाती ऑक्सिजन येतो, आणि कोरडं शुद्ध हायड्रोजन फ्लोराइड वीजच धड वाहू देत नाही. मोआसाँनी त्यात पोटॅशियम बायफ्लोराइड विरघळवलं, प्लॅटिनमची नळी थंडगार ठेवली आणि २६ जून १८८६ रोजी पहिल्यांदा फ्लोरिन वायू मिळवला. त्यासाठी त्यांना १९०६ चं नोबेल मिळालं. वीज वाहून नेण्याचं काम केलं ते दोन फ्लोरिनच्या मधोमध हायड्रोजन अडकलेल्या त्या बायफ्लोराइड आयनानं.

आणि त्या मुलीनं पुन्हा हात वर केला, तर यावेळी उत्तर देऊ नका, एक प्रश्न द्या. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये हात एक आणि एकाकी जोड्या तीन. पाण्यात दोन आणि दोन. अमोनियात हायड्रोजन तीन आणि एकाकी जोडी एकच, आणि तो उकळतो उणे ३३ अंशांना. त्याच्या खेळात मुलांना कसं उभं करायचं आणि काय अपुरं पडेल, हे तिला ठरवू द्या. खडू तिच्या हातात द्या आणि तुम्ही मागच्या बाकावर जाऊन बसा.